आत्याची बिनछपराची शाळा

अलिबागमध्ये आरमारानंतर काही थोर घडलं असेल तर ती आपली शाळा, असं आमच्या आत्याचं ठाम मत आहे. तिच्यासमोर दुसरं मत मांडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शाळा निघाली तीच रागातून. मला पहिलीत घालायला ती गावातल्या एका शाळेत घेऊन गेली, तर तिथले हेडमास्तर म्हणाले, "मुलगी फार बोलते. वर्षभर थांबा, शांत होईल." आत्या म्हणाली, "शांत झाल्यावर शिकवायचं काय, दगडाला?" आणि माझा हात धरून तडक पाट्या रंगवणाऱ्याकडे गेली. त्यानं पाटी रंगवली आणि भीत भीत विचारलं, "बाई, पण शाळा कुठंय?" "तू रंग वाळव, तोवर काढते," आत्या म्हणाली.

रंग वाळायच्या आत तिनं कोळीवाड्याजवळच्या बर्फाच्या कारखान्याची रिकामी बाजू मिळवली. मधल्या भिंतीपलीकडे बर्फ, अलीकडे आम्ही. भर एप्रिलमध्ये, सगळं गाव घामानं निथळत असताना, आमच्या शाळेची मुलं स्वेटर घालून रस्त्यानं जायची आणि लोक वळून वळून बघायचे. यंत्राची घरघर इतकी, की पाढे ओरडूनच म्हणावे लागत. आजही आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी लगेच ओळखू येतो. तो कानात गुपित सांगतो, ते पलीकडच्या आळीत ऐकू जातं.

मग माझ्या वर्गातल्यांची मुलं शाळेत येऊ लागली त्या सुमारास, एका वर्षी वादळ आलं आणि आमच्या बाजूचे सगळे पत्रे घेऊन गेलं. दुसऱ्याच दिवशी पालक दाखले मागायला दारात उभे. शाळा आता बुडते, असं माझ्यासकट सगळ्यांना वाटलं. आत्या शांतपणे म्हणाली, "दाखले वाऱ्यानं नेले." दाखल्यांचं कपाट तिच्या पाठीमागे शाबूत उभं होतं. ते तिनं पदर पसरून जमेल तेवढं झाकलं होतं. नंतर ती वाड्यावाड्यांतून पत्रे शोधत निघाली. प्रत्येक पत्रा ती ओळखायची: "हा माझा चौथीचा! हा दुसरीचा, गळका!" किनाऱ्यावर एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाय, तुमचा पतरा आमचे होरीवर बसलाय. उतरवा, न्हायतर शाला होरीतच भरवा!"

आत्यानं शाळा होडीतच भरवली. वाळूवर ओढून ठेवलेल्या त्या होडीत दुसरीचा वर्ग बसला, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, फळा टेकवला. ही गंमत बघायला सारा कोळीवाडा लोटला, आणि जाताना ज्याला जो पत्रा सापडला तो डोक्यावर घेऊन शाळेत आणून टाकू लागला. दाखले मागणारे पालकच शेवटी छपरावर चढून खिळे ठोकत होते, आणि आत्या खालून ओरडत होती, "सरळ ठोक रे! भूमितीतही असाच वाकडा होतास!"

यंदा मात्र तिचे गुडघे थकले. तिनं शाळा आपल्याच एका विद्यार्थिनीच्या हाती सोपवली. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून शाळेशेजारच्या आमच्या घराच्या ओटीवर बसून राहिली. भिंतीपलीकडून प्रार्थना सुरू झाली तशी खांबाला धरून उठली, हात जोडले. "पट्टी फार वर लावलीये," एवढंच पुटपुटली. प्रार्थना संपली, पलीकडे मुलं बसल्याचा गलका झाला, तरी आत्या हात जोडून उभीच.

मी जवळ गेले आणि प्रार्थनेनंतर ती वर्गाला सांगायची तसंच, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "खाली बसा."

तेव्हा कुठे ती बसली.