चौथा धुरा

वर्तमानपत्रात येण्याआधी दोन वर्षं मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात चौथीचा वर्ग शिकवत होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. पुढं याच भागातून मी पुष्कळ बातम्या पाठवल्या. इथं जे लिहितो आहे त्याची बातमी झाली नसती. त्यात कोणी मेलं नाही, कोणी तक्रारही केली नाही.

जुलैअखेरीस परिमितीचा धडा आला. पुस्तकात बागेचं चित्र होतं, भोवती कुंपण. गावात बाग नव्हती. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात, तो शब्द मी वापरला. फळ्यावर चौकोन काढला आणि सांगितलं, चारी धुऱ्यांच्या लांबीची बेरीज म्हणजे परिमिती. मुलांना ते लगेच कळलं. रविवारसाठी काम दिलं : दहा मीटरची सुतळी घ्या, मीटरमीटरवर गाठ मारा आणि आपापलं वावर मोजून आणा. ज्यांना वावर नव्हतं त्यांच्यातल्या काहींनी विहाराचं आवार मोजलं, काहींनी गोठा.

सोमवारी एका मुलीनं तीनच आकडे आणले. एकशे बेचाळीस, शहाण्णव, एकशे अडतीस. बेरीज तीनशे शहात्तर. बेरीज बिनचूक होती.

"चौथी बाजू कुठं आहे?"

"ती आमची नाही, गुरुजी. तो धुरा मोठ्या बाबाचा हाये."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हिचं वावर एका बाजूनं उघडंच हाये, डुकरं घुसतीन."

तिचे वडील आधल्या वर्षी वारले होते. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. दोघांची वावरं एकाला एक लागून, मधे तो एक धुरा. मी तिला समजावलं की धुरा कोणाचाही असो, परिमितीत धरावाच लागतो, नाहीतर आकृती बंद होत नाही. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती चौथा आकडा घेऊन आली : त्र्याण्णव. एकूण चारशे एकोणसत्तर. मी वहीत 'बरोबर' असा शेरा दिला, खाली सही केली, आणि वही वर्गाला दाखवली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिचे मोठे बाबा शाळेच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, पांढरा दुपट्टा, आवाज हळू.

"गुरुजी, तुमी पटवारी कधीपासून झाले?"

मी काय झालं ते विचारलं.

"पोरगी सुतळी घेऊन माह्या धुऱ्यावर फिरून राह्यली. कोणी धाडलं? तिच्या मायनं?"

"मी सांगितलं होतं. शाळेचा अभ्यास आहे."

"तुमाले वावर हाये?"

"नाही."

"मंग बरोबर हाये. ज्याले वावर नसते, तो दुसऱ्याचंच मोजते."

ते निघून गेले. गावात मोजणी या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. माहीत होतं. मोजणी आली म्हणजे भावकीत कोणीतरी अर्ज केला असं लोक धरून चालत. अभ्यास देताना ते माझ्या लक्षात आलं नाही, एवढंच.

दोन दिवसांनी मुलीची आई शाळेत आली. वर्गाच्या दाराशी उभी राहिली, आत आली नाही.

"भासऱ्यानं बैल बंद केले, गुरुजी."

तिच्याकडं बैल नव्हते. डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, या भासऱ्याची, म्हणजे थोरल्या दिराची, जोडी येत असे. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. पाऊस थांबला होता, कपाशी चार पानांवर होती आणि गवत तिच्या वर निघालं होतं.

"चार दिवस उघाड हाये म्हणतात. त्यात डवरा नाही फिरला तर हंगाम गेला."

"तुम्ही त्यांना सांगा की अभ्यास होता."

"मी कशी सांगू? भासऱ्यासंगं बोलत नाहीत आमच्यात. आतापावतर पोरगीच निरोप ने. आता तिले आंगणातूनच वापस लावते."

मी बोलतो म्हणालो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खाट टाकली, चहा सांगितला. परिमिती म्हणजे नुसती कडेची लांबी, तिच्यानं जमीन इकडची तिकडं होत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग त्या धुऱ्याची लांबी कोणाच्या हिशोबात?"

"दोघांच्या. तुमचं वावर मोजलं तर तुमच्यातही तो येतो."

"एकच धुरा दोनदा धरता?"

"हो."

"मंग पुस्तकातच भांडण हाये, गुरुजी."

आत बायका हसल्या. ते हसले नाहीत. वही घेऊन यायला त्यांनी पुतणीला निरोप पाठवला. ती वही घेऊन आली आणि दाराशी थांबली. त्यांनी पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण बोट नेमकं शेऱ्याच्या खाली होतं.

"ही तुमची सही?"

"माझी."

"सरकारी नोकराची सही. आज लेकराची वही हाये, उद्या तहसिलात हाच कागद होते. हा आकडा काढा. बैल सकाळी येतीन."

चौथीच्या वहीला तहसिलात कोणी विचारत नाही, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुमाले वावर नाही." उघाडीचा एक दिवस तोवर सरला होता.

मी लाल पेन काढलं. त्र्याण्णव खोडले. चारशे एकोणसत्तर खोडले, वर तीनशे शहात्तर लिहिले. 'बरोबर' हा शब्द तसाच राहू द्या म्हणाले, म्हणून राहू दिला. खाली पुन्हा सही केली. मुलगी पाहत होती. वही घेताना तिनं नेहमीसारखं "येते गुरुजी" म्हटलं.

सकाळी बैल आले. दोन दिवसांत डवरणी झाली, तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ते दोन्ही दिवस मुलगी वावरात होती. हजेरीवर मी गैरहजर मांडलं. त्या वर्षी कापूस किती झाला ते मला माहीत नाही. दिवाळीच्या आत माझी बदली झाली.

वर्गात परत आली त्या दिवशी ती सुट्टी झाल्यावर टेबलाजवळ आली.

"गुरुजी, परीक्षेत चौथा धुरा धरू का?"

"धर. परीक्षेत चारही धरायचे."

तिनं थोडा विचार केला.

"पेपरावर सही कोणाची असते?"

"तपासणाऱ्याची."

"म्हणजे तुमचीच."

मी हो म्हणालो. ती दप्तर उचलून गेली.