अंगठ्याची हजेरी

विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये सतरंजीवर उताणं पडून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्यायचं, हे काम मुलीनं माझ्या गळ्यात मारलं. निवृत्तीनंतर साखर वाढली होती, झोप उडाली होती आणि मी घरात कुणावरही खेकसत होतो. डॉक्टर म्हणाले, ध्यान करा. मुलीनं लगेच नाव घातलं. फौजेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला पडून राहायची शिकवणी लावायची, यापरतं हसं ते काय?

शिकवणाऱ्या बाई हळू आवाजाच्या. आता डाव्या पायाचा अंगठा, म्हणायच्या. काय जाणवतंय ते नुसतं बघा. मग तळवा, टाच, घोटा, असं करत डोक्यापर्यंत. पहिल्या दिवशी मी सगळं सावधानमध्ये केलं, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. बाई जवळ येऊन म्हणाल्या, मेजर, सैल सोडा. आमच्याकडे फौजेतून आलेला हवालदारसुद्धा मेजरच असतो. मला तर ही हजेरीच वाटली. बाईंनी एकेक अवयव पुकारला की मी त्याच्या वतीनं मनात ‘हजर’ म्हणून पुढे सरकायचो.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, घाई करू नका, उत्तर येईपर्यंत थांबा. मी थांबलो. उजव्या अंगठ्याला पंख्याचा वारा लागत होता. डाव्याकडून काहीच आलं नाही. पुन्हा लक्ष नेलं. काही नाही. पंख्याखाली पडून मला दरदरून घाम फुटला.

भ्यायलो मी, सरळ सांगतो. माझ्या थोरल्या भावाचा पाय कराडला गुडघ्याखालून कापला, तो या साखरेपायीच. सुरुवात अंगठ्यापासून झाली होती. तो म्हणायचा, "लागत न्हवतं, म्हणून बरं हाय असं वाटलं रं."

तास संपला की सगळे गोल करून बसायचे आणि आपापलं सांगायचे. कुणाला मुंग्या, कुणाला ऊब. माझी पाळी आली तेव्हा मीही ठोकून दिलं, मुंग्या आल्या म्हणून. फौजेत दुखणं कबूल केलं की मेडिकल कॅटेगरी उतरते, बढती अडते. म्हणून आम्ही सगळेच ‘सब ठीक’ म्हणायला शिकलो होतो. पण इथं सतरंजीवर माझी कॅटेगरी कोण उतरवणार होतं? आणि बर्फातल्या चौकीवर जवानांचे बूट काढायला लावून पाय तपासणारा, गारठून बधिर झालेली बोटं लपवणाऱ्याला शिव्या हासडणारा मीच होतो.

पुढचे चार दिवस मी त्या अंगठ्याची वाट बघितली. काही जाणवत नसेल तर तेही बघा, असं बाई सांगायच्या. नेमकं तेच बघायची माझी हिंमत नव्हती. घरी मी चकार शब्द काढला नाही.

शनिवारी सकाळी उसाला पाणी लावून अनवाणीच घरी आलो. बायकोला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. तिनं मला खाली बसवून डावा पाय मांडीवर घेतला. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. सुईनं कोरून तिनं तो बाहेर काढला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

"आवं, दुखतंय का?"

हे तिनं मला संसारात शंभरदा विचारलं असेल, आणि दरवेळी मी ताठ मानेनं नाही म्हटलंय. आज तेच म्हणताना माझा आवाज फाटला. तिनं मान वर केली. थोरल्या दिरांचं सगळं तिनं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. सुई बाजूला ठेवून तिनं माझा अंगठा चिमटीत दाबला.

"हितं?"

"न्हाई."

तिनं तळवा दाबला. "हितं?"

"न्हाई."

मग टाच. मी डोळे मिटले आणि उत्तर येईपर्यंत थांबलो.

"न्हाई."

तिचा हात घोट्यावर आला. गार होता.

"व्हय. हितं लागतंय."

तिनं हात तिथंच धरून ठेवला. भावाचा पाय याच्या वीतभर वरून कापला होता. मग म्हणाली, "उठा. डॉक्टरकडं जाऊया."

मी उभा राहून चपला घातल्या. मग डावा पाय चपलेत नीट गेलाय का, ते खाली वाकून बघितलं.