भाज्याची गोल्फमास्तरीण

रतन धोंडिबा ओव्हाळ हिने डिसेंबर १९६६ पासून पुढे बारा वर्षे मळवलीच्या आमच्या क्लबात लोकांना गोल्फ शिकवले. पगार घेऊन शिकवणाऱ्या खेळाडूला क्लबात 'प्रो' म्हणतात. शेजारच्या भाजे गावच्या बायका तिला मास्तरीण म्हणत, आणि पुढे सभासदही तेच म्हणू लागले. डॉक्टर, गिरणीमालक, निवृत्त न्यायाधीश अशी माणसे तिच्यापुढे गुडघे किंचित वाकवून उभी राहत आणि ती सांगेल तिकडे मान वळवत. ही नोकरी तिला कशी मिळाली, ते मी जवळून पाहिले. मी क्लबाचा कारकून, आणि ज्या सामन्यावर ती ठरली त्याचे गुण लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

रतनचे वडील धोंडिबा रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली घरात बुद्धाची तसबीर आली, आणि त्याच आठवड्यात धोंडिबांनी पोरीचे नाव शाळेत घातले. ती सातवी पास झाली. आई भामाबाई क्लबाच्या मैदानावर कामाला होती. आमच्याकडे चेंडू भोकात घालण्याच्या जागी हिरवळ नव्हती. पावसाळा संपला की माळावरचे गवत वाळून जाई, म्हणून प्रत्येक भोकाभोवती बारीक वाळूचा गोल केलेला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून वाळूत जळके तेल मिसळलेले असे. भामाबाई आणि तिच्याबरोबरच्या तीन बायका रोज सकाळी फळीला गोणपाट बांधून ती वाळू सारखी करत. असे नऊ गोल होते. सभासद त्यांना 'ब्राऊन' म्हणत, बायका 'खळी' म्हणत.

शाळा सुटल्यावर रतन सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाहू लागली. एका साहेबाने रागाच्या भरात काठी गुडघ्यावर मोडून ओढ्यात फेकली. रतनने तिचे लोखंडी टोक उचलून आणले आणि धोंडिबांनी त्याला बांबूचा दांडा बसवून दिला. भाताच्या रिकाम्या खाचरात ती त्या काठीने हरवलेले चेंडू मारत असे. एकदा क्लबाच्या समितीतल्या, खंडाळ्याच्या शिरीनबाई, वय वर्षे साठ, बांधावर उभ्या राहून अर्धा तास तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यानंतर त्या तिला आपल्याबरोबर खेळायला नेऊ लागल्या आणि त्यांनी तिला खऱ्या काठ्यांचा जुना संच दिला. अठराव्या वर्षी क्लबातले तीन-चार पुरुष सोडले तर तिच्यापुढे कोणी टिकत नव्हते. खेळ संपला की मात्र सभासद व्हरांड्यात बसत आणि ती पायरीखाली उभी राही.

सहासष्ट साली आमचे जुने प्रो गोव्याला निघून गेले. जागेसाठी दोन नावे पुढे आली. पहिले पुण्याच्या भिकाजी शेलारांचे. वीस वर्षांचा अनुभव, आवाज खणखणीत. दुसरे रतनचे, ते शिरीनबाईंनी सुचवले. समितीत दोन तट पडले.

"एकोणीस वर्षांच्या मुलीकडून पुरुष शिकतील का?" पारसनीस वकिलांनी विचारले.

"तू तर कोणाकडूनच शिकत नाही, पारसनीस," शिरीनबाई म्हणाल्या. "तुला काय फरक पडते?"

शेवटी सेक्रेटरी कर्णिक यांनी तोडगा काढला. ते फौजेतून निवृत्त झालेले मेजर, त्यांना लांबलेल्या सभा सहन होत नसत. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दोघांनी नऊ भोके खेळायची आणि ते पाहून समितीने तिथल्या तिथे निर्णय द्यायचा, असे ठरले.

रतनची झोप उडाली. त्या आठवड्यात ती ऑफिसात आली तेव्हा मी तिला सहज म्हटले, "नाही मिळाली तर पुन्हा केव्हातरी मिळेल."

"पुन्ना कुटली, भाऊ?" ती म्हणाली. "कार्ल्याचं एक स्थळ आलंय. नोकरी न्हाई लागली तर माघात लगीन. त्या घरानं सांगून टाकलंय, सून काठी फिरवनार न्हाई म्हनून."

शुक्रवारी कर्णिक पुण्याला निघाले. जाताना त्यांनी भामाबाईला बजावले, "रविवारी मोठी माणसं येणार आहेत. खळी अशी झाली पाहिजेत की एक कण हलता कामा नये." त्याच दिवशी शिरीनबाई रतनला सरावासाठी आपल्या बंगल्यावर घेऊन गेल्या. मी शनिवारी क्लबाच्या लोणावळ्याच्या ऑफिसात होतो. त्यामुळे मैदानावर काय चालले आहे, हे पाहायला कोणीच नव्हते.

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे पहिल्या भोकापाशी पोचलो आणि थांबलो. वाळूचा गोल नाहीसा झाला होता. त्या जागी शेणाने सारवलेले, गुळगुळीत, हिरवट रंगाचे खळे होते. कडेने तांदळाच्या पिठीची रांगोळी होती आणि झेंड्याच्या काठीला झेंडूची माळ.

"भामाबाई! हे काय केलंत?" कर्णिकांचा आवाज चढला.

"सारवलं, सायेब." भामाबाईच्या चेहऱ्यावर समाधान होते. "तुमीच म्हनला न्हवं, एक कन हलला न्हाई पायजे? वाळूवर शेन बसंना, मंग शुक्रवारी खाली लाल मातीचा हात दिला. आता बगा हलतोय का."

कर्णिकांनी बुटाच्या टोकाने दाबून पाहिले. कण हलला नाही.

दहा दिवसांपूर्वीच गावोगावी भाताची झोडणी आटोपली होती. झोडणीआधी खळे सारवायचे, ही तिकडची रीतच. रोजच्या कामाला झाडू पुरतो, पण घरात मोठे कार्य असेल तर सारवण हवेच, हे भामाबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि पोरीच्या नोकरीपेक्षा मोठे कार्य कोणते?

"सगळी नऊ सारवलीत?" कर्णिकांनी हताशपणे विचारले.

"न्हाई वो. समद्या भाज्यातलं शेन आनलं, तरी पाचालाच पुरलं. उरल्याली चार उंद्या करते, शेजारच्या पाटनहून आनून."

"उद्या नको!" कर्णिक ओरडले, आणि बरेच जण तोंड फिरवून हसले.

भिकाजी हसले नाहीत. त्यांनी चेंडू सारवणावर ठेवून बोटाने हलकेच ढकलला. तो गडगडत पार पलीकडे जाऊन गवतात थांबला.

"वा!" ते म्हणाले. "घरचं खळं, घरची पोर. मला पुण्याहून कशाला बोलावलंत? आईनं सारवायचं आन् लेकीनं जिंकायचं, असंच ठरलं होतं तर पत्र टाकायचं. माझं गाडीभाडं तरी वाचलं असतं."

भामाबाईचा चेहरा उतरला. आपण काही बिघडवले आहे, हे तिला तेव्हा कळले. तिने पदर तोंडाला लावला. पारसनीस वकील पुढे सरसावले आणि हा सामना रद्द समजावा म्हणाले. समितीतल्या दोघांना दुपारची गाडी गाठायची होती, आणि ते पुन्हा फेब्रुवारीपर्यंत येणार नव्हते.

तेवढ्यात रतन म्हणाली, "सायेब, खेळू द्या. मी भिकाजीभाऊंना सांगत जाईन, चेंडू कुटं वळंल ते."

"का?" कर्णिकांनी विचारले.

"न्हाईतर मी जिंकले तरी आईवर बोल यील. तसली नोकरी मला नको."

"दुसऱ्या खेळाडूला सल्ला देणं नियमात बसत नाही," पारसनीस म्हणाले.

"आणि शेण नियमात बसतं का, वकीलसाहेब?" कर्णिक म्हणाले. "आजचा नियम मी करतो. खेळा."

पहिल्या भोकाला दोघांचे चेंडू सारवणाच्या कडेवर आले. रतन खाली बसून तिरपे पाहू लागली. "भाऊ, हे आईच्या हातचं हाय. तिचा हात उजवीकडून डावीकडं फिरतो. बोटांच्या वळी दिसत्यात का? चेंडू त्यांच्यासंगं जाईल. भोकाच्या उजव्या अंगाला वीतभर सोडून मारा. लय हळू."

भिकाजींनी तिच्याकडे संशयाने पाहिले. "माझी काळजी तू करू नकोस, पोरी," असे म्हणून त्यांनी चेंडू सरळ मारला. तो डावीकडे वळला, रांगोळी ओलांडून गेला आणि उताराला लागला. तिथून तो परत आणून भोकात घालायला त्यांना आणखी दोन फटके लागले. रतनने वीतभर सोडून मारला. चेंडू कमानीसारखा वळून भोकात पडला. मी लिहिले, रतन पाच, भिकाजी सात; गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे.

दुसऱ्या भोकापाशी भिकाजी बराच वेळ वळींकडे पाहत उभे राहिले.

"हे पण आईचंच?"

"न्हाई, आक्कामावशीचं. ती डावरी हाय. हितं समदं उलटं."

भिकाजींनी या वेळी डाव्या अंगाला वीतभर सोडले. चेंडू हळूच उजवीकडे वळला आणि भोकात गेला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपी काढून भामाबाईकडे पाहिले. मग मात्र त्यांनी लाज सोडली. तिसऱ्या भोकाला चालत असतानाच विचारले, "आता कुणाचं?"

"सरूबाईचं. ती कडंकडंनं दाबून सारवती, मदी हात हलका. मदी चेंडू पळंल, सांभाळा."

चौथ्या भोकाला त्यांचा प्रश्न बदलला. "बाई, वळी पुसट दिसतायत. कसं ओळखायचं?"

"उन्हाकडं तोंड करून बसा, भाऊ. उभं राहून न्हाई दिसत."

पुण्याचा वीस वर्षांचा अनुभव उकिडवा बसला. त्याच्यामागे समितीतले दोघे बसले. मागोमाग कर्णिकही बसले. पारसनीस उभे राहिले, पण मान वाकडी करून पाहत होते. पाचव्या भोकाला फटका आधी रतनचा होता, तरी ती वळीबद्दल काय सांगते ते ऐकायला सगळे तिच्या तोंडाकडे पाहत थांबले होते.

पाच भोके झाली तेव्हा रतन दोन फटक्यांनी पुढे होती. पण शेण तिथेच संपले होते. सहाव्यापासून पुन्हा आमची नेहमीची वाळू लागली आणि वाळूवर भिकाजींचा हात मुरलेला होता. सहावे बरोबरीत गेले. सातव्याला त्यांनी एक फटका भरून काढला, आठव्याला दुसरा. नवव्याला रतनचा चेंडू भोकाच्या काठावर येऊन थांबला. भिकाजींनी आपला घातला. भिकाजी त्रेचाळीस, रतन चव्वेचाळीस.

रतनने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ती काठ्यांची पिशवी आवरू लागली. भामाबाई तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "माज्यामुळं झालं गं."

"तुज्यामुळं दोनानं पुढं व्हते की," रतन म्हणाली. "आनखी शेन आनलं असतंस तर जिंकले असते."

पारसनीस समितीला म्हणाले, "निकाल स्पष्ट आहे."

"कसला निकाल?" शिरीनबाई काठी टेकत पुढे आल्या. "आपल्याला जिंकणारा पाहिजे की शिकवणारा? भिकाजी, तू खरं बोल. आज शिकवलं कोणी नि शिकला कोण?"

भिकाजींनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "शिकलो मी," ते म्हणाले. मग हसून, "पण जिंकलो बी मीच, ते लिहून ठेवा."

ते मी लिहून ठेवले होतेच.

समिती आंब्याच्या झाडाखाली दहा मिनिटे बोलली. कर्णिकांनी येऊन सांगितले की नोकरी रतनला, एक वर्षाच्या बोलीवर. भिकाजींनी दर महिन्याला एक रविवार पाहुणे म्हणून येऊन वाळूवरचा खेळ शिकवावा, त्याचे पैसे वेगळे. भिकाजी लगेच कबूल झाले. भामाबाईला निकाल दोनदा सांगावा लागला. मग तिने विचारले, "मंग ती चार खळी सारवू का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबा स्वतः कार्ल्याला जाऊन स्थळाला नकार देऊन आले. रतन आठ वाजता मैदानावर हजर होती. पांढरे लुगडे, पायांत शिरीनबाईंनी दिलेले कॅनव्हासचे बूट. पहिला विद्यार्थी कोण येतो, याची आम्हा सगळ्यांना उत्सुकता होती. सव्वाआठला पारसनीस वकील आले. इकडेतिकडे कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून त्यांनी काठी काढली.

"मला फक्त ते वळीचं जरा विचारायचं होतं," ते म्हणाले.

"विचारा की, सायेब," रतन म्हणाली. "पन आदी खाली बसा."

पारसनीस बसले.