फुलावर आलेली ओळ

मी हे लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्याकडे कोणी गेलं की वंदना होते, पुण्यानुमोदनाला चार माणसं बोलतात, जेवण होतं. गेलेल्या माणसावर लेख लिहायची रीत नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सगळे म्हणाले, तू लिही. जमेल की नाही ठाऊक नाही... शिवाय जे लिहायचं आहे, ते मलाच पुरतं कळलेलं नाही.

मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी वहिनी, काही आठवड्यांपूर्वी गेली. मी साकोलीला कॉलेजात होतो. बाबांचा फोन आला, "ये बाबू, मोठीमाय गेली." मी पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं आणि तिच्या नखांत बाडीची माती तशीच होती. बाडी म्हणजे आमच्या घरामागचा भाजीपाल्याचा तुकडा. तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, लवकर वारले, त्यानंतर ती त्या तुकड्यावरच जगली.

तिची पद्धत ठरलेली होती. पावसाळा लागला की ओळीनं बोरू, म्हणजे ताग, पेरायचा, आणि दोन ओळींच्या मध्ये पालक, चवळाई. भाजी खुडत राहायची. बोरू कमरेला लागला की फूल धरायच्या आत कापायचा, तुकडे करून जागच्या जागी गाडायचा. त्याचं खत होतं. मग तिथे मुळा, पण लगेच नाही. आतलं सगळं कुजेपर्यंत थांबायचं. त्या दिवसांत सकाळी मातीतून वाफ निघे. पाय ठेवला तर खालून ऊब लागे, झोपलेल्या जनावराच्या अंगासारखी. मोठीमाय तिथे कोणाला मोठ्यानं बोलू देत नसे. "चूप राहा. माती जेवून राहिली."

तिचा एकुलता एक मुलगा, प्रकाशदादा. त्याला हैदराबादला कामावर जायचं होतं आणि ती जाऊ देत नव्हती. एका सकाळी, ती बोरू कापत असताना, तो बाडीत उभा राहून ओरडला, "तू मलेबी असाच फुलाच्या आधी गाडशीन!" आणि मागच्या कुंपणातून निघून गेला. पुन्हा फोन नाही, निरोप नाही. पुढच्या पावसाळ्यात मोठीमायनं सगळा बोरू गाडला, कुंपणाजवळची एक ओळ मात्र उभी ठेवली. बाबा म्हणाले, "वहिनी, हे राहिली." ती म्हणाली, "राहू द्या. फुलू द्या तिले."

तेव्हापासून दरवर्षी ती ओळ फुले. पिवळी धमक. संध्याकाळी मोठीमाय तिच्याजवळ उभी राहून हळू आवाजात काहीबाही सांगे. आज पालक चांगला खपला, अमक्याच्या घरी मुलगी झाली... मध्येच थांबे, ऐकल्यासारखी, आणि मग "हो का?" म्हणे. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की आतल्या बिया खुळखुळत. वारा नसतानाही खुळखुळतात, असं माझी बहीण म्हणायची. मी तसं म्हणणार नाही. पण तिकडून जाताना मीही पाय उचलायचो.

मी बारावीत होतो तेव्हाची गोष्ट. तान्हा पोळा होता, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत दारोदार फिरत होती. मोठीमायनं बाबांना आणि मला बाडीत बोलावलं. ती ओळ ऐन फुलावर होती. ती म्हणाली, "गाडाची आहे."

"काहून?" बाबांनी विचारलं. "आता कुठं फुलली ना वहिनी."

"फुलली ना? मंग झालं."

आम्ही लांब चर खोदला. तिनं बोरू कापला, पण तुकडे केले नाहीत. अख्खी झाडं फुलांसकट एकेक करून आडवी निजवली, सगळ्यांचे शेंडे एकाच बाजूला. मी विळा उचलला तर म्हणाली, "नको. तसाच राहू दे." माती ओढली, लोट्यानं पाणी शिंपडलं. आणि जन्मभर ज्यासाठी सगळ्यांना रागावली तेच केलं. त्याच दुपारी, त्या ताज्या मातीत, मुळ्याचं बी टाकलं.

घाई केली की मुळा सरळ उतरत नाही, फाटे फुटतात, हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं. तसंच झालं. शेजारच्या चंद्रकलाकाकूनं एक उपटून पाहिला. दोन पाय, एकावर एक टाकलेले. "काय वं माय," ती हसत म्हणाली, "यंदा मुळे पेरले का मानसं?" मोठीमाय हसली नाही. तिनं तो मुळा काकूच्या हातातून घेतला, होता तिथेच परत ठेवला आणि वरून माती सारली. त्या ओळीतला एकही मुळा तिनं विकू दिला नाही, खाऊ दिला नाही. पुढच्या वर्षीपासून कुंपणाजवळ तिनं बोरू ठेवलाच नाही. संध्याकाळी तिकडे जाणंही थांबलं. प्रकाशदादाचं नावही तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. आम्हाला वाटलं, वय झालं, विसरली.

अशा गोष्टींवर आमच्या घरात कोणाचा विश्वास नाही. माझाही नाही.

परवा बाबांचा फोन आला. हैदराबादहून एक माणूस दादाची पिशवी घेऊन आला होता. त्याच्याच खोलीत राहायचा. पत्ता शोधण्यात इतकी वर्षं गेली म्हणाला. दादा तापानं गेला होता. मी विचारलं, कधी? बाबांनी सांगितलं:

"तुहं बारावीचं साल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हने." मग म्हणाले, "हात जोडून राहिला होता बिचारा. म्हने, माफ करा काका, तुमाले कोनी कळवलंच नसन."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलो, कळवलं होतं."