जयरामची वीस मिनिटं

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उत्तर सिक्कीममध्ये होती. उंची सोळा हजार फूट. पोस्टवर आम्ही अकरा जवान आणि एक सुभेदार साहेब. तीन बंकर, एक कुकहाऊस. मी सिग्नल्सचा नाईक, अशोक सोनकांबळे. माझ्या हाताखाली एकच माणूस होता, लान्स नाईक जयराम पाटील. रेडिओ सेट आम्ही दोघांनी आळीपाळीनं सांभाळायचा.

मी मूळचा नांदेडकडचा. जयराम भाईंदरजवळच्या मुर्धा गावचा, खाडीकाठचा. पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तरी पहिले आठ दिवस त्याचं बोलणं मला नीट कळत नव्हतं. तो वेळेला ‘येल’ म्हणायचा आणि डोळ्यांना ‘डोले’. नंतर इतकं कळायला लागलं की सुट्टीवर घरी गेलो तेव्हा मीच एकदा ‘न्हाय’ म्हणून गेलो. बायको हसत सुटली.

मला शाळेपासून चित्रांचा नाद. वॉटरकलरची पेटी प्रत्येक पोस्टिंगला किट बॅगच्या तळाशी असायची. पण ती तळाशीच राहायची. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग बर्फ उपसणं, बॅटऱ्या चार्ज करणं, खालून केरोसीनचे जेरीकॅन वर आणणं आणि दर अर्ध्या तासाला रेडिओ चेक. महिनोन्महिने पेटी उघडली जात नसे. एकदा मोजे शोधताना जयरामला ती सापडली.

“रंग हायत. मंग काढत का न्हायस?”

“वेळ कुठंय?”

“किती येल लागतो?”

मी फारसा विचार न करता म्हणालो, “वीस मिनिटं तरी.”

“मंग चार वाजता मी बसतो तुज्या जागेवर. वीस मिन्टं. तू जा.”

माझी ड्यूटी दुपारी दोन ते सहा. त्यातली वीस मिनिटं म्हणजे त्याच्या झोपेची वीस मिनिटं. मी नको म्हणालो. तो परस्पर सुभेदार साहेबांकडे जाऊन परवानगी घेऊन आला. साहेब शिस्तीला कडक. त्यांनी मला बोलावलं, घड्याळ दाखवलं. “बीस मिनट. इक्कीसवाँ हुआ तो पेटी मेरे पास जमा.”

तेव्हापासून रोज चार वाजता जयराम बंकरमध्ये यायचा, हेडसेट माझ्या कानांवरून काढून स्वतःच्या कानांवर चढवायचा आणि म्हणायचा, “निघ.” मी कुकहाऊसच्या मागे आडोशाला बसायचो. कागद म्हणजे मेसेज पॅडची कोरी बाजू. ब्रशवरचं पाणी गोठायचं, म्हणून मी पाण्यात माझ्या वाट्याची रम मिसळायचो. जयरामला त्याचं फार वाईट वाटायचं. “आरं, कागदाला पाजतोस? मी काय मेलोय का?”

मी डोंगर काढायचो, फक्त डोंगर. माणसं मला जमत नव्हती. जयराम दर रविवारी आठवड्याची चित्रं बघायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, “यात पानी कुठं हाय?” खाडीवरच्या माणसाला पाण्याशिवायचं चित्र अपुरं वाटायचं.

असे साडेतीन महिने गेले. आजारपण आणि ब्लिझर्डचे दिवस सोडले तर एकही दिवस चुकला नाही. इतकं नेमानं मी त्याआधी कधीच काही केलं नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस सतत बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी ऊन आलं. चार वाजता जयराम आला. “निघ,” म्हणाला. मी निघालो. चार वाजून बारा मिनिटांनी वरच्या कड्यावरून आवाज आला, ट्रक उतारावर रेती ओततो तसा. मी उभा राहिलो. आवाज थांबला तेव्हा कुकहाऊस जागेवर होतं, दोन बंकर जागेवर होते. सिग्नल बंकरच्या जागी सपाट पांढरा उतार होता.

सगळे फावडी घेऊन धावले. सुभेदार साहेबांनी स्टोअरमधला छोटा सेट मला दिला. मी कंपनी हेडक्वार्टर लावलं आणि हँडसेट त्यांच्या हातात दिला.

“सिग्नल बंकर बर्फ के नीचे. एक जवान अंदर. ओव्हर.”

पलीकडे रोस्टर पाहिलं गेलं असावं.

“रोस्टर में नाईक सोनकांबळे है. कन्फर्म करो. ओव्हर.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “निगेटिव्ह. लान्स नाईक पाटील. ओव्हर.”

मग मीही फावडं घेतलं. आत पोहोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. जयराम सेटसमोर बसलेलाच होता. हेडसेट कानांवर होता. लॉगबुकमध्ये चारचा रेडिओ चेक त्यानं लिहून ठेवला होता.

त्यानंतर मी पेटी उघडली नाही.

एक्क्याण्णव साली मी पेन्शनवर आलो. मेहुण्याच्या ओळखीनं मीरा रोडला वन रूम किचन मिळालं आणि वरसाव्याच्या पुलाजवळ एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी. लोक विचारायचे, मीरा रोडच का? मी सांगायचो, परवडतं. ते खरं होतं. मुर्धा तिथून रिक्षानं अर्ध्या तासावर होतं, हेही खरं होतं. आणि वर्षभर मी तिकडे गेलो नाही, हेही.

एका रविवारी माझी बायको शोभा पिशवीत केळी घालून दारात उभी राहिली. “चला. आज सुट्टी आहे. आता कारण सांगू नका.”

जयरामची आई ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसली होती. वय साठीच्या पुढचं. एका डोळ्यानं तिला फक्त उजेड कळायचा, दुसऱ्यानं काम चालायचं. मी नाव सांगितलं. तिनं हातातली सुई ठेवली.

“चित्रंवाला?”

मी मान हलवली.

“जयराम कागदात लिवायचा. समोरची मंजुला वाचून दावायची. म्हनायचा, आय, मी रोज एकाला येल देतो.” तिनं शोभाला जवळ बसवून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग? काढतोस ना आजून?”

वर्षभर मी काय सांगायचं याची तयारी केली होती. त्या दिवशी बंकरमध्ये मी असायला हवा होतो, हे सांगायचं होतं. ते मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“ते मना म्हाईत हाय. तुजे सायबानं लिवलेलं. मी इचारते काय? काढतोस का न्हाय?”

“नाही. बंद केलं.”

तेव्हा ती चिडली. “माजे पोरानं येल दिला तो काय टाकून द्याला? त्याचा दिलेला येल हाय तो. तुजा न्हाय टाकायला.”

निघताना आईनं आतून एक फोटो आणला. भरतीच्या वेळचा, पासपोर्ट साइजचा. अठरा वर्षांचा पोरगा, टक्कल केलेलं, डोळे वटारलेले. “ह्यो एकच हाय. ह्यो माजा जयराम न्हाय, ह्यो कोन तरी हवालदार हाय. तू त्याला हसताना बगलास ना? माजा येक डोला हाय तवर काढ.”

रिक्षात मी शोभाला म्हणालो, “मला माणसं जमत नाहीत.”

“मग शिका,” ती म्हणाली.

माझी ड्यूटी सात ते सात. सव्वासहाला घर सोडायचं. परत येईपर्यंत साडेआठ, मुलींचा अभ्यास, जेवण. आमच्या बिल्डिंगला पाणी पहाटे पाच ते साडेपाच. मी अनेक दिवस वेळ शोधत राहिलो आणि तो सापडला नाही. शेवटी शोभानं ठरवलं. पाणी ती एकटी भरणार, डबा ती करणार आणि पाच पस्तीस ते पाच पंचावन्न मला कुणी हाक मारायची नाही. मुलींनाही तशी ऑर्डर गेली. एकदा शेजारचे शहाभाई पाण्याच्या मोटरची तक्रार घेऊन आले. शोभानं त्यांना दारातच थांबवलं. “भाईसाब, अभी नहीं. ड्यूटीपे है.”

पहिला महिना हात लाकडासारखा होता. मी झोपलेल्या मुली काढल्या. शोभाची पाठ काढली, ओट्याशी उभी असलेली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत गेटवरचे ड्रायव्हर काढले. ते फुकट चेहरा द्यायचे आणि वर नावं ठेवायचे. “साब, ये तो मेरा ससुर लगता है.” दुसऱ्या वर्षी डबल ड्यूटी लागली, तेव्हा एकवीस दिवस मी ब्रश धरला नाही. बाविसाव्या दिवशी शोभानं साडेपाचला उठवून बसवलं. मी कागदावर नुसत्या रेघा मारल्या. पण बसलो.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुर्ध्याला जायचो. आई कागद डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरायची.

“नाक त्याचे बापाचं काढलंस. त्याचं आसं न्हाय.”

पुढच्या महिन्यात, “कान लय मोटे. ससा हाय का?”

त्यानंतर, “हसतो तवा त्याचा डावा गाल वर जायाचा. तू उजवा घेतलास.”

मला ते आठवत नव्हतं. मी घरी येऊन डोळे मिटून बसलो. बंकर, कंदील, माझ्या कानांवरून हेडसेट काढणारा तो. डावाच होता.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये, तो गेला त्या तारखेला, मी सुट्टी टाकली. आम्ही चौघंही गेलो. दुपारची वेळ होती. आई ओट्यावर होती. तिचा चांगला डोळाही आता थकला होता. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ धरला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. माझ्या धाकट्या मुलीनं विचारलं, “आजी, कान बरोबर आहेत का?”

मी जागेवर उभा होतो. परेडला उभा असतो तसा.

मग ती कागद घेऊन उठली. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरली आणि अंगणाच्या कडेला उभी राहून समोरच्या घराकडे तोंड करून तिनं हाक मारली, “मंजुला, भायेर ये गो. जयराम आयलाय.”