मालकाला रजेवर धाडणारे गृहस्थ

"आधी आठ दिवस रजेवर जा. मग पैशाचं बोलू."

हे वाक्य त्यांनी पुण्यातल्या किती मालकांना ऐकवलं असेल, देव जाणे! शेअर बाजारात न उतरलेल्या छोट्या कंपन्यांमध्ये एका फंडाचे पैसे गुंतवायचे, ही त्यांची नोकरी. कोथरूडला माझी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. पगार निघता निघत नव्हते, म्हणून गेलो मुकाट दापोलीला. आणि हे महाशय माझ्या ऑफिसात ठाण मांडून बसले.

तिसऱ्या दिवशी राहवेना. बूथवरून फोन लावला, तर यांनीच उचलला.

"मालक रजेवर आहेत. आपलं काय काम होतं?"

"अहो, मीच मालक!"

"मग समुद्र बघा की." आणि फोन ठेवला!

असा संताप आला म्हणून सांगू! परतलो तर ऑफिसातली आमची पोरं त्यांना आपल्या डब्यातली भाजी वाढत होती. म्हणाले, "तुमच्यावाचून छान चालतं. आता पैसे द्यायला हरकत नाही." हे कौतुक की अपमान, तुम्हीच ठरवा. पैसे आले, कंपनीचा मोठा वाटा फंडाकडे गेला, आणि हा माणूस आमच्यातलाच झाला.

एकदा जेवताना कुणीतरी विचारलं, "सर, या तुमच्या धंद्याचं, प्रायव्हेट इक्विटीचं, पुढे काय?"

"पैसा रग्गड येईल हो. थांबायला मात्र कुणी तयार नसेल."

तसंच झालं. फंडाची मुदत संपत आली, म्हणजे आमच्यातला वाटा विकून ज्याचे त्याला पैसे परत करायचे. फंडाच्या मुंबईच्या साहेबांनी चढा भाव देणारं गिऱ्हाईक गाठलं. ते पुण्याचं ऑफिस बंद करून काम बंगळूरला नेणार होतं. म्हणजे आमच्या पोरांच्या नोकऱ्या गेल्याच! आमच्या या गृहस्थांनी काही लपवलं नाही. "विकावं तर लागणारच. कुणाला, यासाठी भांडतो," म्हणाले. भांडले. थोड्या कमी भावात, पण ऑफिस इथंच ठेवणारा माणूस आणला.

गेल्या वर्षी ते गेले. मला आठवते ती विक्रीच्या सह्या झाल्या त्या दिवशीची संध्याकाळ. ऑफिसच्या फाटकापाशी उभे होते.

"नारायण पेठेत सोडता का?"

"तुमची गाडी?"

"ती फंडाची. नोकरीबरोबर गेली."

स्कूटर चालवताना माझे डोळे भरून यायला लागले. मागून खांद्यावर हात आला.

"समोर बघा हो. उद्या ऑफिस आहे तुम्हाला."