माझ्यासाठी आलेला केक

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. मुग्धाला तर नाहीच — आणि ती माझी बायको आहे, रोज समोर बसून चहा पिते. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. आल्झो... म्हणजे आपलं 'तर मग', एका कादंबरीपासूनच सुरुवात करतो.

इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेन गावात, मुग्धाचं बायकांचं एक वाचनमंडळ आहे. यंदा त्यांनी एक कोरियन कादंबरी घेतली. मुग्धा कांदा चिरता चिरता मला गोष्ट सांगायची. नायिका प्रयोगशाळेत कामाला. मूल होतं आणि नोकरी सुटते. सणाला सासरी हीच तळत बसणार, पुरुषांची पंगत उठली की मग हिचं ताट. वाईट कुणीच नाही हो त्यात, सगळे गोडच बोलतात. नवरा तर भलताच सज्जन. बाळासाठी रजा मागायला साहेबाकडे जातो, हसं होतं बिचाऱ्याचं.

"हा अगदी तू आहेस," मुग्धा म्हणाली. "निदान विचारलंस तरी."

मी काय केलं असेल? कोथिंबीर निवडत राहिलो.

इरा झाली तेव्हा आमचं ठरलं होतं — आधी मुग्धा घरी राहील, मग मी एल्टर्नत्साइट घेईन. बाळासाठीची ही रजा इथे बापालाही हक्काने मिळते. मुग्धाला तेव्हाच टीमलीड करणार होते. किती खूश होती ती!

पण आमच्या प्लान्टमध्ये आम्हा मराठी इंजिनिअरांचं जेवणाचं एक टेबल आहे. त्यातला निखिल ही रजा घेऊन परत आला, तेव्हा मी त्याचं नाव ठेवलं — 'आईसाहेब'. टेबल हसून हसून लोटपोट. नाव चिकटलंच त्याला. आता मीच रजा मागायची? म्हणजे पुढचा आईसाहेब मी?

घरी येऊन म्हणालो, विचारलं गं, पण साहेब म्हणतो, रजा घेतलीस तर कॉन्ट्रॅक्ट वाढवणं कठीण. आणि कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसाचं आलंच.

खोटं. मी साहेबाकडे गेलोच नव्हतो. उलट त्यानेच कॉफी घेताना विचारलं होतं, तू कधी घेतोयस रजा? मी म्हटलं — हो, हसत म्हटलं — माझ्या बायकोलाच घरी राहायचंय.

मुग्धाने ती जागा सोडली. वर मलाच धीर दिला, जाऊ दे रे, तू तुझ्याकडून केलंस ना. आज ती अर्धवेळ काम करते, जिला तिने काम शिकवलं तिच्याच हाताखाली. मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, तरी गप्प बसलो.

परवा मंडळात तिने आमची हकीकत सांगितली. सगळ्यांना माझं फार कौतुक वाटलं म्हणे. ज्यांच्या घरी जमल्या होत्या त्या आजींनी माझ्यासाठी प्लमचा केक वेगळा बांधून दिला. मुग्धाने डबा उघडून पुढ्यात ठेवला, चमचा दिला, आणि मला आवडतोय का ते बघत समोर बसली.

मी सगळा खाल्ला. छान झालाय, म्हणालो.